मागचे शॉकअप आपल्या वजनाला कसे लावायचे: टेप, पाना आणि एक जोडीदार

अमळनेर ते चोपडा ही माझी महिन्यातून चार-पाचदा होणारी फेरी. गाडी जुनी, शंभर सीसीची. माझं वजन ६२ किलो, म्हणजे घरातला सगळ्यात हलका गडी मीच. एकदा सर्व्हिसिंगहून गाडी आणली आणि दुसऱ्या दिवशी तापीचा पूल येईपर्यंत कंबरडं मोडलं. रस्ता तोच, गाडी तीच, बसणारा तोच. घरी येऊन वाकून पाहिलं तर मागचे दोन्ही शॉकअप शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवलेले. विचारायला गेलो, तर गॅरेजवाला मोठ्या मायेने म्हणाला, "टाईट करी दिनी भो, आते चिंता नही."

त्याने बापड्याने फुकटात चांगलं काम करून दिलं होतं. त्याचा समज एवढाच चुकला की कडक म्हणजे मजबूत. आपल्याकडे दहातल्या आठ जणांचा हाच समज असतो, आणि उरलेल्या दोघांना शॉकअपला खाचा असतात हेच माहीत नसतं. नवी गाडी शोरूममधून जशी आली तशी ती मोडीत जाईपर्यंत चालते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी रिकीब आपल्या पायाच्या मापाने लावून घेतो, मग फेरी मारतो. लाखभराच्या मोटरसायकलीला मात्र आपण आरसा फिरवण्यापलीकडे हात लावत नाही.

हे काम घरच्या अंगणात होतं. पहिल्यांदा तासभर लागतो, पुढच्या वेळी पंधरा मिनिटं.

आधी समजून घ्या, खाच फिरवली की काय होतं

शॉकअपमध्ये दोन गोष्टी असतात. बाहेरून दिसते ती स्प्रिंग. ती वजन पेलते. आत तेलाची नळी असते. ती स्प्रिंगला आवरते, नाहीतर एका खड्ड्यानंतर गाडी पुढच्या गावापर्यंत झुलत जाईल. स्प्लेंडरसारख्या साध्या गाड्यांना स्प्रिंगच्या बुडाशी पायऱ्या-पायऱ्यांची एक कडी असते, तिला बहुधा पाच टप्पे असतात. कडी फिरवली की स्प्रिंगचं बूड थोडं वर सरकतं आणि स्प्रिंग आधीच आवळली जाते. बस्स. आतल्या तेलाशी या कडीचा काही संबंध नाही.

आता खरी गंमत. कडी पाचवर नेली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही. तार तीच, वेढे तेच. दहा किलो वजन वाढवलं की ती पहिल्या टप्प्यावर जितकी दबेल तितकीच पाचव्यावर दबेल. बदलते ती गाडीची उंची: मागचा भाग किती वर उभा राहतो, एवढंच.

मग पाचवर कंबर का मोडते? कारण हलक्या माणसाच्या वजनाने ती आवळलेली स्प्रिंग जेमतेम हलते. गाडी जवळजवळ टोकाला जाऊन उभी राहते. पुढे खड्डा आला की चाकाने खाली उतरून त्याचा तळ गाठायला हवा, पण त्याला खाली जायला पुरेशी जागाच उरलेली नसते. मग चाकाऐवजी अख्खी गाडी खड्ड्यात पडते, तुमच्यासकट. शॉकअपचं निम्मं काम वर दबायचं आणि निम्मं खाली उतरायचं असतं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आणि आपल्या भागात हे उतरणं फार लागतं. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचा डांबरी रस्ता कितीही चांगला केला तरी दोन-तीन वर्षांत त्याला लाटा येतात. खड्डा एखाद वेळी चुकवता येतो, लाट चुकवता येत नाही.

पाना हातात घेण्याआधी

टायरची हवा. सकाळी, गाडी थंड असताना, चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत लिहिली असेल तेवढीच. मे महिन्यात भर दुपारी वीस किलोमीटर चालवून पंपावर हवा तपासली तर आकडा जास्तच दिसणार. ती पाहून हवा सोडू नका, संध्याकाळी टायर मऊ पडेल. निम्म्या लोकांची "शॉकअप गेले" ही तक्रार हवा नीट भरल्यावर मिटते, असा माझा अनुभव आहे.

मग शॉकअपचा चकचकीत दांडा बघा. त्यावर तेल आणि धूळ मिळून काळा चिखल साचला असेल तर सील गेलंय. सीट दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन एकदाच थांबली तर ठीक. दोन-तीनदा उड्या मारत राहिली तर आतलं तेल संपलंय. ते दुखणं कडी फिरवून जात नाही, शॉकअप बदलावा लागतो, आणि बदलताना जोडीनेच. गॅस भरलेला शॉकअप घरी उघडायच्या भानगडीत पडू नका. आत दाब असतो.

शेवटी डबल स्टँडवर गाडी लावून मागचं चाक आडवं हलवून पाहा. खट्‌खट्‌ लागलं तर चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचे, बुश झिजलेत. ते आधी बदलून घ्या.

बसकण मोजायची

गाडी वजनाखाली किती खाली बसते याला जाणकार लोक 'सॅग' म्हणतात. आमच्याकडे त्याला शब्द नव्हता, म्हणून मी बसकण म्हणतो. सगळा खेळ हा एक आकडा काढायचा आहे.

लागतं काय? शिलाईची टेप नको, ती ताणते. पोलादी मेजर टेप घ्या. चिकटपट्टीचा तुकडा, पेन, आणि एक जोडीदार. जोडीदार हवाच. एकट्याने करायला जाल तर गाडी अंगावर घ्याल.

मागच्या चाकाच्या एक्सलच्या नटापासून सरळ वर बघा. सीटखालच्या पत्र्यावर किंवा मागच्या हँडलवर, नटाच्या बरोबर डोक्यावर येईल अशा जागी चिकटपट्टी लावून पेनने रेघ ओढा. तिन्ही मापं याच दोन बिंदूंमधली घ्यायची. रेघ दर वेळी वेगळी धरली तर आकडे वाटेल ते सांगतील.

पहिलं माप गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक पूर्ण अधांतरी असताना. चाक जमिनीला टेकत असेल तर स्टँडखाली फळी सरकवा. डबल स्टँड नसलेल्या गाडीला एकाने साईड स्टँडकडे कलवून धरायची आणि चाक उचललं की दुसऱ्याने पटकन मोजायचं.

दुसरं माप गाडी जमिनीवर, सरळ उभी, कोणी बसलेलं नाही. जोडीदार पुढून हँडल धरेल.

तिसरं तुम्ही बसल्यावर. पण घरातल्या बनियनवर नाही. रोज जसे निघता तसे बसा: हेल्मेट, बूट, पाठीवर सॅक असेल तर सॅक. टाकी निम्मी तरी भरलेली असू द्या. दोन्ही पाय फुटरेस्टवर हवेत, म्हणून तिसरं कोणी असेल तर त्याने हँडल घट्ट धरायचं आणि जोडीदाराने मोजायचं. नाहीतर भिंतीला कोपर टेकवून बसा आणि जोडीदाराला मोजू द्या.

इथे एक बारीक खोच आहे. शॉकअपची सीलं थोडी चिकट असतात, त्यामुळे गाडी दाबून सोडली तर जरा खालीच राहते आणि उचलून सोडली तर जरा वर. म्हणून दुसरं आणि तिसरं माप दोनदा घ्या: एकदा सीट दाबून हळूच वर येऊ दिल्यावर, एकदा मागून उचलून हळूच खाली बसू दिल्यावर. दोन्हींची सरासरी धरा. माझ्या गाडीत हा फरक चार मिलिमीटरचा निघाला, म्हणजे एका टप्प्याएवढा. हे न करता मोजलं असतं तर माझा आकडा अर्ध्या खाचेने चुकला असता.

माझे आकडे असे होते, दुसऱ्या टप्प्यावर:

चाक अधांतरी: ४७० मिलिमीटर
गाडी एकटी: ४५८
मी बसल्यावर: ४४०

पहिल्यातून दुसरं वजा केलं की रिकामी बसकण, १२ मिलिमीटर. पहिल्यातून तिसरं वजा केलं की स्वारासकट बसकण, ३०.

किती असावी?

मागच्या चाकाचा एकूण प्रवास, म्हणजे ते वरखाली जास्तीत जास्त किती हलू शकतं, हा आकडा पुस्तिकेत किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीला स्वारासकट बसकण त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी ठेवतात. थोडी कमी चालेल, फार जास्त नको. माझ्या गाडीचा प्रवास ९० मिलिमीटर, त्यात ३० बसकण. म्हणजे चाकाला खाली उतरायला ३० आणि वर दबायला ६० शिल्लक. पाचव्या टप्प्यावर हीच बसकण १८ निघाली होती. कंबरेने जे सांगितलं तेच टेपने सांगितलं.

बसकण जास्त निघाली तर कडी एक टप्पा वर चढवा, कमी निघाली तर खाली. माझ्याकडे एका टप्प्याला चारेक मिलिमीटरचा फरक पडतो. तुमच्या गाडीचा वेगळा असेल, एकदा मोजून ठेवा.

रिकामी बसकण कशाला मोजली? ती स्प्रिंगची चुगली करते. माझा थोरला भाऊ ९२ किलोचा. तो माझ्या गाडीवर दुसऱ्या टप्प्यावर बसला तर बसकण ३९ आली, चौथ्यावर ३१. ठीक. पण चौथ्यावर गाडी एकटी उभी केली की रिकामी बसकण चारच मिलिमीटर उरली. याहून जड माणसाला आणखी आवळावं लागलं असतं आणि ती शून्यावर गेली असती. गाडी रिकामी असताना शॉकअप टोकाला अडकून उभा. असं झालं तर समजा, त्या वजनाला ती स्प्रिंग मऊ पडतेय. उलट, पहिल्या टप्प्यावरही स्वारासकट बसकण कमीच येते आणि रिकामी मात्र भरपूर, तर स्प्रिंग तुमच्या मानाने कडक आहे. ऐकायला उलटं वाटतं, पण कागदावर आकडे मांडलेत की पटतं. अशा वेळी खाचांशी झटापट थांबवून स्प्रिंग बदलायचा विचार करावा.

कडी फिरवताना

गाडी डबल स्टँडवर घ्या, म्हणजे स्प्रिंगवर वजन राहत नाही. कडीभोवतीचा चिखल आधी ब्रशने काढा. आमच्याकडची काळी माती वाळली की सिमेंटला हार जात नाही. ती तशीच ठेवून पाना लावला तर पाना घसरतो आणि बोटांची सालं निघतात. गंज असेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा, पण ब्रेकच्या ड्रमवर आणि टायरवर त्याचा थेंब उडू देऊ नका.

पाना म्हणजे 'सी' आकाराचा, टोकाला नख असलेला. नव्या गाडीच्या टूलकिटमध्ये तो बहुधा असतो. कधी उघडून पाहिलंय? हरवला असेल तर विकत घ्या, दीडदोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळतो. छन्नी-हातोडीने कडी ठोकणारे बरेच आहेत, त्यांच्या कड्यांचे दात बघितले की लगेच ओळखू येतात.

नख खाचेत पक्कं बसवा, पाना स्वतःकडे ओढा, ढकलू नका. सुटला तर हात साखळीवर जात नाही. कुठल्या बाजूला फिरवल्यावर घट्ट होतं हे पाठ करायची गरज नाही. स्प्रिंगची लांबी बघा. आखूड झाली की टप्पा चढला.

दोन गोष्टी मात्र काटेकोर पाळा. डावा आणि उजवा एकाच टप्प्यावर हवा. एक तीनवर आणि एक चारवर ठेवून चालवणं म्हणजे चिमट्याला पीळ घालणं. आणि टप्पे क्रमाने चढा, क्रमाने उतरा. एकवरून उलट्या अंगाने फिरवून थेट पाचवर किंवा पाचवरून थेट एकवर उडी मारू नका, शॉकअप खराब होऊ शकतो. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत तसं स्पष्ट बजावलेलंही असतं.

मोनोशॉकवाल्यांचं, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्यांचं, थोडं वेगळं. काही गाड्यांना तिथेही टप्प्यांची कडी असते, काहींना आट्यांची. आट्यांच्या कडीवर आधी वरचं लॉकनट सैल करायचं, आटे साफ करून तेलाचं बोट फिरवायचं, मग कडी एकेक फेरा फिरवून पुन्हा मोजायचं. शेवटी लॉकनट आवळायला विसरू नका. रिबाउंडचा, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत येते ते आवरणारा, स्क्रू असेल तर त्याला हात लावण्याआधी तो पूर्ण बंद होईपर्यंत किती टिचक्या वाजतात ते मोजून लिहून ठेवा. परतीची वाट माहीत असावी. मग मूळ जागी आणून एका वेळी एक-दोन टिचक्या, त्याहून जास्त नाही. एका दिवशी एकच गोष्ट बदला.

डबलसीट आणि ओझं

मागे बसणाऱ्याचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर येतं. चालवणाऱ्याचं तसं नाही, त्यातलं बरंच पुढे वाटलं जातं. म्हणून मी एकटा असताना ३० असणारी बसकण, सत्तर किलोचा माणूस मागे बसला की साठीच्या पुढे जाते. नव्वदातले साठ बसण्यातच गेले. मग गतिरोधकावर खालून ठाण्‌कन आपटतं ते उगीच नाही. डबलसीट लांब जायचं असेल तर दोन-तीन टप्पे चढवून घ्या, परत आल्यावर उतरवा. पाच मिनिटांचा कंटाळा लोक करतात आणि दोन्हीकडचं नुकसान सोसतात.

ओझ्याचं थोडं स्पष्ट बोलतो. चाळीस लिटरच्या दुधाच्या कॅनमध्ये दूधच ४१ किलो असतं, वर कॅनचं वजन. दोन्ही बाजूंना एकेक टांगली की मागे एक धडधाकट माणूस बसवल्यासारखं झालं. रावेर-यावलकडे केळीचे घड गाडीवर लादून नेतात, तेही तसंच. कडी पाचवर नेल्याने गाडी ताठ उभी राहील, पण तिची वजन पेलण्याची कुवत वाढत नाही. फ्रेम, चाकाच्या तारा, टायर, ब्रेक हे सगळं त्याच वजनाचं बनवलेलं आहे, आणि ते वजन पुस्तिकेत लिहिलेलं असतं. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे तुकडे कोंबायची युक्ती मी आमच्या जिभाऊंच्या गाडीवर पाहिली. जेवढे वेढे अडले तेवढे कामातून गेले, बाकीच्यांवर ताण आला. गाडी आधी दगडासारखी झाली, मग एक स्प्रिंग मोडली. जिभाऊ अजूनही स्प्रिंगलाच दोष देतात.

बदल केल्यावर बघायच्या दोन गोष्टी

साखळी. मागची उंची बदलली की चिमट्याचा कोन बदलतो आणि साखळीचा ढिलेपणाही. पुढचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक), चिमट्याची खीळ आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की साखळी सर्वांत जास्त ताणली जाते. स्टँडवर बेताची वाटणारी साखळी दोघं बसल्यावर तारेसारखी होऊ शकते. म्हणून बसकण ठरली की पुस्तिकेतल्या मापाने साखळी पुन्हा बघा.

हेडलाइट. मागचा भाग खाली गेला की उजेड वर चढतो. रात्री डबलसीट येणाऱ्या गाड्या समोरून डोळ्यांत का जातात, त्याचं निम्मं कारण हेच. संध्याकाळी भिंतीसमोर पाचेक मीटरवर गाडी उभी करून, तुम्ही बसून, उजेडाच्या कडेवर खडूने रेघ मारून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तीच रेघ कामी येते.

चालवून बघणं

एकच रस्ता ठरवा आणि तोच वापरा. माझा तापी ओलांडल्यावरचा चार किलोमीटरचा तुकडा आहे: थोड्या लाटा, एक मोरी, दोन गतिरोधक. चाळीसच्या वेगाने जायचं, घाई नाही. गाडी लाटेवरून वर फेकते आणि बारीकसारीक खडी हातापायांना जाणवते, तर एक टप्पा उतरवा. गतिरोधकावर खाली आपटते, वळणावर नाक बाहेर पळतं, हँडल हलकं लागतं, तर एक टप्पा चढवा. उतरवून-चढवून दोन्हीकडे समाधान होईना, तर पुन्हा टायरची हवा आणि शॉकअपचं तेल बघा. गडबड तिकडे असते.

घाटात आधी जाऊ नका. चाळीसगावचा औट्रम घाट किंवा तोरणमाळचा सातपायरी घाट ही गाडी तपासायची जागा नव्हे. ओळखीच्या सपाट रस्त्यावर दोन दिवस चालवा, मग घाट.

पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकअपला, बहुतेक साध्या गाड्यांत फिरवायला काहीच नसतं. तेल वेळच्या वेळी बदला, एवढंच त्याचं.

सगळं जमलं की आकडे लिहून ठेवा. मी साईड पॅनलच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेत: मी एकटा, दोन. मी आणि बायको, चार. थोरला भाऊ, चार. गेल्या आठवड्यात भाऊ तोरणमाळला गाडी घेऊन गेला आणि रविवारी परत लावून गेला. सोमवारी चोपड्याला निघालो तर पहिल्याच मोरीवर कंबरेला कळलं, कडी चारवरच आहे. सीटखाली हात घातला, तर टूलकिटची पिशवी होती, पाना नव्हता. भावाला फोन लावला. म्हणाला, "मन्हाकडे शे ना भो, दिवाळीले आणस."